भार की मार

आमच्या इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागातल्या टंकलेखिका बाईंना सगळे पाठीमागे 'कानामात्रा' म्हणायचे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. मोठ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीतली वेलांटीसुद्धा बाई लाल पेनाने सुधारून परत पाठवायच्या. मी त्यांचा हेडक्लार्क, म्हणजे नावाला वरिष्ठ. माझ्या रजेच्या अर्जात त्यांनी तीन चुका काढल्या होत्या आणि तो राग माझ्या मनातून कधी गेला नाही.

जुने केसपेपर कॉम्प्युटरवर घ्यायचं काम चार वर्षं त्यांच्याकडे होतं. टाइपरायटरवर छापलेले, शाई उडालेले कागद. बाई ते नव्याने टाइप करायच्या आणि सही ठोकायच्या. त्यांच्या सहीखाली मी डोळे झाकून माझी करायचो.

यंदा त्यांच्या टेबलावर स्कॅनर येऊन बसला. कागद त्यात घातला की अक्षरं आपोआप ओळखून टाइप करणारं सॉफ्टवेअर घ्यायचं होतं. तीन कंपन्यांनी महिनाभर वापरून बघायला दिलं होतं. वीस पानांवर कोणाच्या किती चुका ते मोजायचं, आणि एकही धड निघालं नाही तर बाईंना ठेवायचं, नाहीतर त्यांचं पद रद्द, असा अधीक्षकांचा हुकूम. मोजायचं कोणी? तर बाईंनीच. फाशी जाणाऱ्यालाच दोर तपासायला सांगावा, तसला प्रकार. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, आणि पेन्शनला दोन वर्षं बाकी.

मोजायची रीत सोपी होती. सॉफ्टवेअरचं पान आणि बाईंनी आधी टाइप केलेलं तेच पान शेजारी ठेवायचं. जिथे फरक, तिथे कॉम्प्युटर शब्द लाल करायचा. लाल म्हणजे सॉफ्टवेअरची चूक. बाई चुकल्या असतील हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

पहिल्याने 'ख' फोडून 'रव' केला. आठवडाभर आम्ही एकमेकांना 'रवोकला बरा आहे का' विचारत होतो. बाईही हसल्या, तेवढंच त्यांचं हसणं. दुसऱ्याने अनुस्वार गिळले. तिसऱ्याच्या वीस पानांत मात्र फक्त एकतीस शब्द लाल झाले, आणि माझं तोंड उतरलं. मी म्हटलं, एकतीसचे तीनशे एकतीस लिहा, कोण बघतंय. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाला निघून गेलो.

परत आलो तर त्या खुशीत होत्या. एका म्हाताऱ्याच्या केसपेपरावर त्यांनी 'छातीवर मार' लिहिलं होतं, सॉफ्टवेअरने 'छातीवर भार'. इथे घसरलं बघा, म्हणाल्या. मी मूळ कागद खिडकीशी नेला. भ आणि म यांत फरक काय, तर डोक्यावरच्या रेघेतल्या फटीचा. फट पुसट होती, पण होती. मी गप्प बसायला हवं होतं. पण तो रजेचा अर्ज आडवा आला.

"बाई," मी म्हणालो, "हा भ आहे."

त्यांनी खणातून भिंग काढलं. त्यांच्याकडे भिंग आहे हे मला त्या दिवशी कळलं. जेवणाची सुट्टी झाली तरी त्या उठल्या नाहीत. दुपारी चार वाजता तक्ता माझ्यापुढे आला. सॉफ्टवेअर: नऊ. टंकलेखिका: बावीस.

खालची ओळ कोणी मागितली नव्हती, ती खोडा, असं मी परोपरीने सांगितलं. त्या ऐकेनात. काही वर्षांपासून डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणाल्या. निम्मं अंदाजाने वाचायच्या, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने अंदाज बरोबरच येतो असं धरून चालल्या होत्या. मला स्वतःचीच लाज वाटली, कारण माझी सही न वाचताच होत होती.

"तो म्हातारा छातीवर भार वाटतो म्हणून आला होता, भाऊसाहेब," त्या म्हणाल्या. "मी त्याला मार बसवला."

मी तो तक्ता उचलून पुन्हा वाचला.

"आधीचे कागद काढून द्या. पद जाईल तेव्हा जाईल. मी घरी नेऊन भिंगाने एकेक तपासते."

"टाइप झालेला कागद महिनाअखेर लगद्याला जातो, बाई. ही वीस पानं या महिन्यातली म्हणून राहिली. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तरी विचारलं."

आम्ही तिसरं सॉफ्टवेअर घेतलं. चांगलं चालतं. आधीच्या चार वर्षांचे अकरा हजार केसपेपर बाईंनी टाइप केले तसेच कॉम्प्युटरात आहेत. त्यांतल्या कोणाला भार होता आणि कोणाला मार, हे आता कोणीच सांगू शकत नाही.