चारशे पानांचं एक पान

आता हसायचंच असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. ठसका लागला तर मी जबाबदार नाही!

मुंबईत एका सिनेमा कंपनीत मी कथा निवडायचो. उरलेल्या वेळात परीक्षणं लिहून लोकांचे सिनेमे पाडायचो. मग साक्षात्कार झाला, आपल्या मातीवर कादंबरी लिहायला हवी! नोकरी सोडून माझ्या गावी, गुंजीला परतलो आणि चारशे पानं लिहून काढली.

गावच्या साहित्य संमेलनासाठी आमचं वाचनालय दरवर्षी एक कादंबरी छापतं. यंदा माझी छापावी म्हणून अध्यक्ष आप्पांकडे गेलो. ते म्हणाले, आणखी पाच आल्यात, तुला अनुभव हाय, तूच निवड.

स्वतःचीच निवडू? छे! तत्त्वाचा प्रश्न! मी नियम केला, सगळ्यांची नावं झाकायची. माझी ओळखू आली की ती बाजूला ठेवून वाचनालयाच्या कमिटीवर सोपवायची.

पण सहा कादंबऱ्या वाचणार कोण? कंपनीत आम्ही अख्खी कथा कधी वाचलीच नाही. कुणीतरी एका पानात सार लिहायचं, त्यावर आम्ही शेरा मारायचा. सार लिहायचं काम मी आक्कावर टाकलं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, शहरात खासबागेतल्या शाळेत शिक्षिका.

एका पानावर होतं, ‘एक माणूस गावासाठी झिजतो, गाव त्याला उशिरा ओळखतं.’ माझे डोळे भरून आले. माझीच! नम्रपणे बाजूला ठेवली.

दुसऱ्यावर होतं, ‘शिकून आलेला मुलगा गावाला भाषण देतो. गाव ऐकत नाही. तो पुन्हा भाषण देतो.’ मी लाल पेनानं लिहिलं, ‘रद्द. लेखकाला गाव ठाऊक नाही. त्यानं सहा महिने गप्प बसून लोकांचं ऐकावं.’

कमिटीसमोर आप्पांनी नावं उघडली. गावासाठी झिजणाऱ्या माणसाची कादंबरी नळाला पाणी सोडणाऱ्या परशाची निघाली. कमिटीनं तीच निवडली. आणि लाल पेनाखालची?

मी आक्काकडे बघितलं. ती शांतपणे म्हणाली, “मी पहिल्याच पानाला ओळखलंतं. पण नाव सांगायचं न्हाय, हा नियम तुझाच की रं.”

आप्पांनी माझी चारशे पानं माझ्या हातात दिली. “कादंबरी न्हाय जमली. पर शेरा लई भारी. कमिटीनं एकमतानं मंजूर केलाय. सहा महिने गप्प बस.”

आज चौथा दिवस. आणि बघा, मघापासून मीच बोलतोय!