पाच कप चहा

आमच्याकडे सकाळचा चहा मी करतो. निवृत्तीनंतर बायकोने माझ्याकडे सोपवलेलं हे एकच खातं. गेल्या वर्षापर्यंत आम्हा दोघांना छोटं पातेलं पुरायचं. मग मुलगा बदली होऊन सुनेसह घरी आला. नात झाली, सई. बाळंतपणासाठी विहीणबाई आल्या आणि आमच्या आग्रहाने राहिल्या. माळ्यावरून मोठं पातेलं उतरलं आणि छोट्यात सईचं नाचणीसत्त्व शिजू लागलं.

मुलाला आलं नको, सुनेला आल्याशिवाय चहा नको, विहीणबाईंना साखर वर्ज्य. "हे घर आहे की टपरी?" असं मी वर्षभर कुरकुरत होतो.

काल सगळे विहीणबाईंना पोचवायला त्यांच्या गावी गेले. आज सकाळी चहा गाळायला घेतला तर तो पाच जणांचा झालेला! घरात माणसं वाढली की डोकं कुरकुरत बसतं, हात मात्र मुकाट्याने पाणी वाढवतो. डोक्याला विचारत बसला असता, तर कुणालाच वेळेवर चहा मिळाला नसता.

बायकोने पातेल्यात डोकावून पाहिलं. "अहो, दोघंच तर आहोत. छोटं घ्यायचं ना!"

छोटं पातेलं समोरच पालथं होतं, स्वच्छ घासलेलं, रिकामं.

"ते कसं घेणार?" मी म्हणालो. "ते सईचं आहे."