दार कावून ठोकायलेत

मुलाखत मराठीत होणार हे कळलं, आणि लेखी परीक्षा पास झाल्याचा आनंद मी विसरूनच गेले. जागा सरकारी होती, सायबर सुरक्षेची. हल्ले, सर्व्हर, त्यांच्या नोंदी यांची मला भीती नव्हती. भीती मराठीची होती. एवढ्या जवळ येऊन एका वाक्याला अडखळून ही जागा जाईल, असं सारखं वाटायचं.

तेलगावहून मी इंग्रजी शाळेत जायचे. तिथं मराठी बोललं की बाकावर उभं राहावं लागे. मराठीच्या तासाला ‘कावून’ म्हटलं, तर बाई म्हणायच्या, “का म्हण. कावून गावंढळ दिसतं.” मग मी शाळेत आणि घरी, दोन्हीकडं कमीच बोलू लागले. काका घरी चिडवायचे, “आमच्या पोरीला एकोणसत्तर सांगा, ती इंग्रजीत इचारती किती ते.”

तयारीसाठी मी एक छोटा सर्व्हर इंटरनेटवर मुद्दाम उघडा ठेवला होता. आत काहीच नव्हतं. कोण येतं ते फक्त बघायचं होतं. दुपारी ओसरीवर आत्या कापसातला काडीकचरा निवडत होती, आणि शेजारी बसून मी लॅपटॉपवर त्याच्या नोंदी उघडल्या. पडद्यावर ओळी धावत होत्या. कुणी ‘अ‍ॅडमिन’ म्हणून आत शिरू बघत होतं, कुणी ‘टेस्ट’ म्हणून. एक पत्ता ब्राझीलचा, एक व्हिएतनामचा. या सर्व्हरबद्दल मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पुस्तकात हे सगळं वाचलेलं होतं, तरी अंगावर काटा आला.

“काय बघायलीस एवढं?” आत्यानं विचारलं.

“लोक दार ठोकायलेत, आत्या. जगभरातून.”

“अन् आत काय हाय?”

“काहीच न्हाई.”

“मग कावून ठोकायलेत?”

मी सांगितलं, की ही माणसं नाहीत, माणसांनी सोडलेले प्रोग्राम आहेत. दार कुणाचं, आत काय, त्यांना ठाऊक नसतं. ते प्रत्येक दार ठोकून बघतात.

“आपलं तेलगावचं, दिंद्रुडचं, समद्यांचं?”

“समद्यांचं.”

आत्याचा हात कापसातच थांबला. जत्रेतल्या आकाशपाळण्याकडं बघावं तशी ती त्या धावत्या ओळींकडं बघत राहिली. मीही. शिकलेली मी होते, पण ते सगळं केवढं मोठं आहे, हे मला तिच्या शेजारी बसून पहिल्यांदा दिसलं.

मुलाखतीला समोर तिघं होते. तांत्रिक प्रश्न निभावले. मग मधल्या मॅडम म्हणाल्या, “तुम्हाला तालुक्याच्या कार्यालयांमध्ये जाऊन कर्मचाऱ्यांना शिकवावं लागेल. सावध कसं राहायचं, ते त्यांना एका शब्दात सांगा.”

माझ्याकडं ‘शून्य विश्वास’ तयार होतं. ‘झिरो ट्रस्ट’चं, म्हणजे तपासल्याशिवाय कुणालाच आत न घेण्याच्या नियमाचं, हे भाषांतर माझंच, आणि ऐकायला नवरा-बायकोच्या भांडणातलं. ते काही तोंडातून बाहेर पडेना. जे पडलं ते वेगळंच होतं.

“कावून.”

“काय?”

चुकून बोलले म्हणता आलं असतं. पण डोळ्यांसमोर आत्याचा थांबलेला हात आला.

“आमच्याकडं ‘का’ला कावून म्हणतात, मॅडम. फोनवर कुणी ओटीपी मागितला, कावून? साहेबांच्या नावानं मेल आला, आत्ताच उघडा म्हणतो, कावून? आपल्याकडं चोरण्यासारखं काय आहे, असं वाटलं तरी विचारायचं. रिकाम्या घराचंही दार ठोकतात.”

कडेचे सर इतका वेळ खाली बघत होते. त्यांनी मान वर केली.

“बीडच्या का?”

“हो, सर.”

“माझी सासुरवाडी तिकडचीच. घरात माझं काही चालत नाही, ते या एका शब्दामुळं.”

मॅडम हसल्या. मला हसावं की नाही कळेना, म्हणून मी टेबलाकडं बघत बसले.

निवड झाल्याचं कळलं तेव्हा आत्या त्याच ओसरीवर होती. मी तिला सांगितलं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि शांतपणे विचारलं,

“तुलाच कावून घेतलं पर?”

काका मोठ्यानं हसले. मी उत्तराला तोंड उघडलं, आणि त्या दोघांना सगळं सांगत बसले, मराठीत, कुठंही न अडखळता.