जोडचाकात अडकलेला दगड

मंडळी, आजचाच प्रसंग, लिहितोच.

सकाळी डोंगरकड्याहून बाळापूरला मोटारसायकलवर निघालो, मागे बायको. पुढे हळदीच्या पोत्यांनी भरलेला ट्रक. त्याच्या मागच्या जोडचाकांच्या फटीत नारळाएवढा दगड अडकलेला दिसला. सुटला की गोफणीसारखा थेट मागच्याच्या कपाळात!

मी हॉर्न वाजवला. ड्रायव्हरने हात हलवून साइड दिली. इथे ग्रुपवर रोज दुनियेला नागरिकशास्त्र शिकवणारा मी गुमान पुढे सटकलो.

बायको ओरडली, "काहून पळून राहिले? मागं शाळेची रिक्षा हाये, लेकरं हाईत तिच्यात!"

वारंगा फाट्याच्या अलीकडे उतरून, दोन्ही हात हलवत ट्रक थांबवला. ड्रायव्हर आधी तणतणला. मग चाकापाशी वाकला आणि धावत केबिनमधून पहार घेऊन आला. पहारीने दगड काढला.

"कधीचे लोक हॉर्न मारून राहिले साहेब," तो म्हणाला. "मला वाटलं साइड मागून राहिले. मी समद्यायला दिली."

आणि समद्यांनी ती घेतली. दगड दिसलेला प्रत्येकजण पुढे जाऊन सुखरूप झाला. बायको नसती तर मीही.

रिक्षा शेजारून गेली. लेकरांनी मला टाटा केला. माझा हात काही वर होईना.

खरं सांगा, तुम्ही थांबला असता?