झाडांवरचे पांढरे पट्टे

भास्कर वाघमारे सरांचं ऋण माझ्यावर सगळ्यांत मोठं आहे. आमच्या घरातला पहिला पदवीधर म्हणून मी गंगाखेडहून लखनौला, सरांच्याच वनसंशोधन संस्थेत कंत्राटी नोकरीवर आलो, तेव्हा खोली मिळेपर्यंत त्यांनी आणि काकूंनी मला इंदिरा नगरमधल्या आपल्या घरी ठेवून घेतलं. सर गेल्याला महिना होत आला. संस्थेनं शोकसभा घेतली. ज्यांना बैठकीत साधी खुर्ची मिळत नसे, त्यांना संचालक गहिवरून ‘आमचे मार्गदर्शक’ म्हणाले. समोसे येईपर्यंत गहिवर टिकला...

सरांचं काम साधं होतं. लखनौजवळच्या मलिहाबादच्या पुढे शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीवर सागवान, शिसव वाढवलं आहे. त्यांच्या सहकार्यानं रानाचे काही तुकडे निवडायचे, दरवर्षी तिथल्या झाडांचे घेर मोजायचे आणि एकूण वाढ पाहून तोड किती करावी, ते मालकांना सांगायचं. अट एकच, मोजणीचं झाड वेगळं दिसता कामा नये. म्हणून सर खुणेचा गजसुद्धा जमिनीत पुरत.

पुढे दिल्लीचे पाहुणे येणार म्हणून, फोटो छान यावेत म्हणून, संचालकांनी रस्त्यालगतच्या तुकड्यांत मोजणीच्या प्रत्येक झाडावर चुन्याचे पट्टे मारून घेतले. नंतर आम्ही गेलो, तर पट्टेवाल्या झाडांना आळी, शेणखत, पाणी; शेजारची कोरडी. मालक इरशाद मियाँ अभिमानानं म्हणाले, “सरकारी पेड़ हैं साहब, खातिर तो करनी पड़ेगी.”

सर माझ्याकडे वळले. “हे जंगल नाही राहिलं रे. हे जावई झालेत.”

संचालकांना मात्र वाढलेले आकडे पाहून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. या आकड्यांवर तोडीचा सल्ला दिला तर रानं बोडकी होतील, असं सरांनी सांगितल्यावर ते म्हणाले, “वाघमारे, आप निगेटिव बहुत हैं यार.” वयानं मोठ्या माणसाला! एवढ्या पदव्या घेऊनही इतकं अडाणी राहता येतं, हे मी त्या खोलीत शिकलो. सरांनी त्या अहवालावर सही नाकारली. ते निवृत्त झाल्यावर तोच अहवाल माझ्या टेबलावर आला. माझं कंत्राट त्याच महिन्यात संपत होतं.

सर तेव्हा दवाखान्यात होते, आत काकूंशिवाय कुणाला सोडत नव्हते. मी काकूंच्या हाती पत्र पाठवलं. त्यांनी ते वाचून दाखवलं. सरांनी पुन्हा वाचायला लावलं. रविवारी ते गेले. पत्र एवढंच होतं :

“आदरणीय सर, पट्ट्यांची सगळी झाडं मी मोजणीतून वगळली. पट्टे नसलेल्या आतल्या तुकड्यांची वाढ थोडीच निघते. तोड थांबवावी, असं लिहून सही केली आणि प्रती मालकांच्या हातात नेऊन दिल्या. इरशाद मियाँ रागावले, पण कुऱ्हाड थांबवतो म्हणाले. सोमवारपासून मला ऑफिस नाही. तेव्हा तुमच्याजवळ बसायला केव्हाही येऊ शकेन.”