गिळलेली ओळ

आई गेली तेव्हा मी तिसरीत होते. चर्चमध्ये पाळकसाहेब म्हणाले, "आपली बहीण देवाच्या राज्यात गेली." त्या संध्याकाळी पप्पा नेहमीसारखे प्रार्थनेला बसले. प्रभूच्या प्रार्थनेतले "तुझे राज्य येवो" हे शब्द आले आणि मी घाबरले. आईला घेऊन गेलं तेच हे राज्य, आणि पप्पा त्याला आपणहून घरी बोलावतायत! मी नुसते ओठ हलवले. पुढे ती सवयच लागली. शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न होऊन मी गंगापूर रोडला राहायला गेले, तरी त्या ओळीपाशी माझा आवाज आत जायचा.

मागच्या हिवाळ्यात पप्पांना हृदयविकाराचा झटका आला. एसटीत आयुष्यभर गाडी चालवलेला माणूस, हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात कॉटवर पडून राहणं त्यांना जमत नव्हतं. शेजारच्या कॉटवर घोटीकडचे एक शेतकरी होते, पायाला जखम चिघळलेली. त्यांची बायको खाली चटई टाकून बसलेली असे. पप्पा रोज सकाळी मोठ्यानं प्रार्थना म्हणत आणि ती कान देऊन ऐके. एका सकाळी तिनं मला विचारलं, "ताई, बाबा कोणाचं राज मागून राहिले?"

"देवाचं, मावशी."

"मेल्यावर जायचं तेच ना?"

"हो," म्हणून मी मोबाइलमध्ये डोकं घातलं.

पप्पांनी डोळे उघडले. "नाही हो. आम्हाला तिकडं ने, असं कुठं म्हणतो आपण? येवो म्हणतो. इथं यायचंय ते. या वॉर्डात, तुमच्या घोटीत. कुणी उपाशी झोपू नये, कुणाला एकटं पडू देऊ नये, देवाच्या मनासारखं इथं चालावं."

"मग लवकर येऊ द्या," ती हसून म्हणाली आणि नवऱ्याला पाणी पाजायला उठली.

इतकं साधं होतं ते. इतकी वर्षं मी पप्पांच्या शेजारी बसले आणि कधी विचारलंच नाही.

पप्पा हळू आवाजात म्हणाले, "तू ती ओळ म्हणत नाहीस. लहानपणापासून."

"तुम्हाला माहीत होतं?"

"वाटायचं, आईमुळे देवावर रागावलीस. विचारलं असतं तर तू रडली असतीस, आणि मला ते झेपलं नसतं." मग त्यांनी माझा हात धरला. "आज म्हण की माझ्याबरोबर."

आजूबाजूला माणसं होती. पण खरं कारण ते नव्हतं. अर्थ कळला होता, भीती गेली नव्हती. आणि ते कॉटवर होते; मी बोलावलं आणि ते राज्य त्यांनाच न्यायला आलं तर?

"उद्या म्हणू पप्पा. आधी तुमच्या गोळ्या घेऊन येते."

मेडिकलमध्ये गर्दी नव्हती. गोळ्या लगेच मिळाल्या. तरी मी समोरच्या टपरीवर चहा घेतला, मग आणखी एक घेतला. वर जायचं टाळत होते.

परत आले तेव्हा पप्पांच्या कॉटभोवती पडदा ओढलेला होता. दुसरा झटका. ते पुन्हा शुद्धीवर आले नाहीत.

मावशी पडद्याबाहेर उभी होती. "मीच होते त्यांच्यापाशी. हात धरला व्हता. ते राज्याचं म्हणत व्हते. मला सगळं येत नाय, पण तेवढं मी म्हणले त्यांच्यासंगं. चालतं ना, ताई?"

"चालतं," मी म्हणाले. पण आभाराचा एक शब्द तोंडातून निघाला नाही. उलट मला तिचा राग आला. ती जागा माझी होती, आणि मी चहा पीत होते.

दफनाच्या वेळी सगळ्यांबरोबर मी ती ओळ म्हटली. आवाज नीट निघाला. ऐकायला पप्पा नव्हते.

दोन दिवसांनी त्यांचा डबा आणि शाल आणायला वॉर्डात गेले, तर शेजारच्या कॉटवर दुसराच पेशंट होता. घोटीचे ते दोघं घरी गेले की त्यांना आणखी कुठं हलवलं, नर्सला सांगता आलं नाही. तिचं नाव मी विचारलं नव्हतं. एवढे दिवस शेजारी बसून तिच्या नवऱ्याचा पाय कसा आहे, हेसुद्धा विचारलं नव्हतं. देवाचं राज्य इथं यावं, असं आता मी रोज मोठ्यानं म्हणते. म्हणताना तो पाय आठवतो, आणि मान वर करवत नाही.