सिद्रामप्पा शरीक झाले

नळदुर्गच्या सिद्रामप्पा किराणावाल्यांना एका गोष्टीचा भारी तोरा होता. त्यांच्या घरातलं कुणी कधी दवाखान्यात शरीक, म्हणजे भरती, झालं नव्हतं. दुखलंखुपलं तर जिल्ह्याच्या गावी जायचं, चिठ्ठी काढायची, घरून नेलेली बाटली औषधानं भरून घ्यायची आणि संध्याकाळच्या बसनं परत. "खाटेवर निजतो तो खांद्यावरच येतो," असं ते गिऱ्हाइकांना ऐकवायचे. निजाम गेला, सरकार बदललं, अप्पांचं डोकं काही बदललं नाही.

छप्पन साली त्यांच्या बायकोच्या, गंगम्माच्या, पोटात उजवीकडं कळा सुरू झाल्या. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "आत्ताच शरीक करा. आज कापलं तर वाचतील. घरी नेलं तर भरवसा नाही."

"आंघोळीबिगर लिंगपूजा न्हाय, पूजेबिगर पाण्याचा थेंब न्हाय," अप्पा म्हणाले. "तुमच्या वॉर्डात हे कसं व्हायचं? बाटली भरून द्या."

गंगम्मानं खाटेचा गज धरला. "अवो, पाया पडते, मला इथं राहू द्या. लई दुखतंय."

लेकीच्या, गिरिजाच्या, देखत अप्पांनी बायकोची बोटं गजावरून सोडवली. दुसऱ्या दिवशी पहाटे गंगम्मा घरीच वारली. बाटली निम्मीसुद्धा सरली नव्हती. बायकोनं नेम मोडला नाही, अशी फुशारकी अप्पांनी तिच्या मातीला आलेल्या चारचौघांत मारली. मला त्या माणसाचा अजून संताप येतो.

साठ साली अप्पांचीच लघवी तुंबली. बसभर ओरडत गेले आणि डॉक्टरांचे पायच धरले. "शरीक करा, आत्ता करा!"

नेमाचं काय, म्हणून गिरिजानं मठातल्या स्वामींना विचारलं. ते हसले. "आजाऱ्याला कसली आंघोळ? गळ्यातलं लिंग तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं. झाली पूजा." गंगम्माच्या वेळी हे कुणी विचारलंच नव्हतं.

अप्पा खाटेवर पडल्या पडल्या पूजा करू लागले. गिरिजा रोज ताजी आंबील करून आणायची. एकदा शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "मालकीण न्हाय आली?"

"वारली. म्या किती सांगितलं, शरीक हो. पर तिला दवाखान्याची लई भीती. घरी चला म्हणून हट्टच धरला."

गिरिजानं बापाकडं पाहिलं. अप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंखुरं. आपण खोटं बोलतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"बायामाणसं ऐकत न्हाईत," म्हातारा हळहळला.

"व्हय," अप्पा म्हणाले, आणि त्यांनी आंबिलीसाठी लेकीपुढं हात केला.